शिरोरेषेवरचं फिरतं टिंब

३ ऑक्टोबरच्या रात्री दीडच्या सुमारास पाणी प्यायला उठले. दिवा लावला नव्हता. मान वळवली आणि उजव्या डोळ्याच्या कानाकडच्या कडेला वीज चमकली: उभी, किंचित वाकलेली, पांढरी रेघ, क्षणभरच. बाहेर पाऊस असेल म्हणून खिडकीकडे वळले, तर वळता वळताच ती पुन्हा चमकली. आभाळ कोरडं होतं. डोळे मिटून उभी राहिले. मिटलेल्या पापण्यांआडही डोळा इकडचा तिकडे केला की रेघ उमटत होती. दुखत काहीच नव्हतं, आणि दुखत नाही म्हणून मी परत जाऊन झोपले.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसाचे सहा-सात तास डोळे पांढऱ्या कागदावर नाहीतर पांढऱ्या स्क्रीनवर असतात. ४ तारखेला सकाळी पहिल्याच पानावर एका शब्दाच्या शिरोरेषेवर नको असलेला अनुस्वार दिसला. खूण करायला पेन्सिल टेकवली तोवर टिंब पुढच्या शब्दावर गेलं होतं. चष्मा पुसला, कागद झटकला. उजवा डोळा झाकला तर टिंब गायब. डावा झाकला तर हजर. तेव्हा कळलं की ते डोळ्याच्या आत आहे. दुपारपर्यंत टिंबामागे एक सुटलेला दोरा दिसायला लागला आणि त्या दोऱ्याला लागून एक अर्धवट कडं. नजर वर नेली की तेही वर जायचं, नजर थांबली तरी जरा पुढे सरकायचं आणि मग संथपणे खाली यायचं.

माझं वय तेव्हा ५३ आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेपाच. या दोन गोष्टी पुढे प्रत्येक टेबलावर विचारल्या गेल्या.

५ तारखेला एके ठिकाणी डोळे तपासून घेतले. तक्त्याची शेवटची ओळ वाचली, डोळ्याचा दाब मोजला, तो ठीक निघाला. ‘वयोमानानं होतं, सवय होईल,’ असं ऐकून मी हलक्या मनानं घरी आले. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब टाकले नव्हते. हे मला आजही लागतं. तक्त्यावरची अक्षरं वाचता आली म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, मधला भाग ठीक आहे, एवढंच सिद्ध होतं. पडदा फाटतो तो बहुतेक वेळा कडेकडे, आणि बाहुली मोठी केल्याशिवाय तो भाग नीट दिसत नाही. ‘वयोमानानं होतं’ हे वाक्य खरंच होतं, पण पाहायची होती ती जागा कुणी पाहिलीच नव्हती. डोळ्यांपुढे अचानक वीज चमकायला लागली आणि ठिपके दिसायला लागले, तर तपासणीला गेल्यावर ‘बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत बघणार ना?’ एवढं विचाराच.

६ तारखेला दुपारी, टाक झटकल्यावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे बारीक काळे ठिपके त्याच डोळ्यात उतरले. दहा-बारा नव्हे, मोजता येईनात इतके. धाकट्या बहिणीला फोन केला. ती एवढंच म्हणाली, ‘ताई, आजच्या आज जायचं. मी निघाले.’

पडद्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे फोन लावला तेव्हा आधी पाच दिवसांनंतरची वेळ मिळाली, कारण मी नुसतं ‘डोळे तपासायचेत’ म्हटलं होतं. मग नीट सांगितलं: एकाच डोळ्यात तीन दिवसांपासून वीज चमकतेय, आज अचानक खूप काळे ठिपके आलेत, नंबर उणे साडेपाच आहे. पलीकडच्या बाईंचा आवाज बदलला. एका बाजूनं पडदा ओढल्यासारखा अंधार येतोय का, दिसणं कमी झालंय का, डोळ्याला मार लागला होता का, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, हे त्यांनी भराभर विचारलं आणि म्हणाल्या, ‘आत्ताच निघा, मधे घेऊ.’ फोनवर ‘अचानक’, ‘एकाच डोळ्यात’ आणि ‘कधीपासून’ हे तीन तपशील आधी सांगावेत, असं मला या अनुभवानंतर ठामपणे वाटतं.

बरोबर चष्म्याचा जुना कागद, चालू औषधांची यादी आणि गडद गॉगल घेतला. गॉगल बहिणीला सुचला. परतताना तो नसता तर मला रस्त्यावर डोळे उघडता आले नसते.

३ वाजून ४० मिनिटांनी केसपेपर निघाला. मग पुन्हा तक्ता, पुन्हा दाब, टॉर्च दोन्ही डोळ्यांवर आळीपाळीनं फिरवून बाहुल्यांची तपासणी. त्यानंतर थेंब, दहा-दहा मिनिटांनी तीन वेळा. चुरचुरतात, पण मिनिटभरच. पाऊण तासानं जवळचं पुसट झालं आणि ट्यूबलाइटभोवती वलय दिसायला लागलं. या अवस्थेत सही करायचा कागद हातात आला तर तो वाचता येत नाही, म्हणून जे काही फॉर्म असतील ते थेंबांच्या आधीच मागून घ्यावेत. माझ्यासारखा मोठा उणे नंबर असेल तर चष्मा काढून कागद नाकाजवळ धरला की अक्षरं लागतात. बाकीच्यांनी सोबतच्या माणसाकडून वाचून घ्यावं. गाडी तर मुळीच चालवू नये. माझ्या बाहुल्या पूर्ववत व्हायला सहा तास लागले.

तपासणी दोन टप्प्यांत झाली. आधी यंत्रावर हनुवटी टेकवून, डोळ्यासमोर छोटं भिंग धरून. मग मला आडवं झोपवलं, डॉक्टरांनी डोक्याला दिवा लावला, हातात मोठं भिंग घेतलं आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चारही कोपऱ्यांत बघायला सांगितलं. पापणीवरून एका बोथट दांडीनं डोळा दाबत त्या कडेपर्यंत बघत होत्या. दडपण येतं, डोळ्यांतून पाणी येतं, प्रकाश तर असह्य वाटतो. पण ते दाबणं हाच या तपासणीचा गाभा आहे. त्यामुळे पडद्याची कड आत ढकलली जाऊन दिसते. मी बहिणीचा हात धरला होता. धरावा, त्यात काही गैर नाही.

नंतर डॉक्टरांनी कागदावर डोळ्याचं चित्र काढलं. डोळ्यातल्या भिंगाच्या मागे जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो, साधारण ४ मिलिलिटर, डोळ्याच्या गोळ्याचा चार-पंचमांश भाग व्यापणारा. पुस्तकी मराठीत काचाभ द्रव. दवाखान्यात सगळे व्हिट्रिअसच म्हणतात. तो जवळजवळ सगळा पाणीच असतो, त्यात कोलॅजेनचे अतिशय बारीक तंतू आणि हायल्युरॉनिक आम्ल असतं. तरुणपणी तो पडद्याला चिकटून असतो. वय वाढतं तसा मधे मधे पातळ होतो, आकसतो, आणि एक दिवस त्याची मागची बाजू पडद्यापासून सुटते. याला पोस्टिरिअर व्हिट्रिअस डिटॅचमेंट, थोडक्यात पीव्हीडी म्हणतात. पन्नाशीनंतर हे फार जणांना होतं. मोठा उणे नंबर असला की डोळा लांबट असल्यामुळे लवकर होतं. एकत्र गोळा झालेल्या तंतूंची सावली पडद्यावर पडते, तोच माझा दोरा. आणि ते कडं म्हणजे मज्जातंतूच्या मुळाशी, म्हणजे डोळ्यातून नस मेंदूकडे निघते तिथे, व्हिट्रिअस जिथे गोल चिकटलेला होता तिथला निघालेला ठसा. त्याला वाइस रिंग असं नावच आहे.

‘आणि वीज?’ मी विचारलं.

‘सुटताना तो पडद्याला ओढतो. पडद्याला दुखणं कळत नाही, ती सोय त्याच्याकडे नाही. त्याला एकच भाषा येते, उजेडाची. ओढलं की तो मेंदूला उजेड दिसल्याचं कळवतो.’

हे ऐकून मला त्या रात्रीचं माझं झोपणं आठवलं. दुखलं असतं तर मी तेव्हाच धावले असते. कडेला चमकणाऱ्या या रेघांचं वर्णन मूर नावाच्या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञानं १९३५ साली केलं होतं, त्यांना आजही त्याच्या नावानं ओळखतात. अर्धशिशीत दिसणारी चमक वेगळी: ती बहुधा दोन्ही डोळ्यांत, नागमोडी, हळूहळू पसरत जाणारी आणि वीस-तीस मिनिटांत विरणारी.

पीव्हीडीची लक्षणं घेऊन येणाऱ्या साधारण सात-आठ जणांपैकी एकाच्या पडद्याला या ओढीनं फट पडते. फटीतून पातळ झालेलं पाणी पडद्यामागे शिरलं की पडदा भिंतीवरून सुटायला लागतो, आणि मग ऑपरेशन. माझ्या पडद्याला त्या दिवशी फट दिसली नाही. पण वरच्या बाजूला कडेजवळ थोडंसं रक्त होतं. शिंतोडे त्याचेच होते. म्हणून ‘एका महिन्यानं या’ ऐवजी ‘एका आठवड्यानं या’. त्याआधी नवे ठिपके आले, चमक वाढली, किंवा कुठल्याही बाजूनं सावली चढायला लागली, तर रात्र असो की सुट्टी, तातडीनं यायचं. हे तिन्ही मुद्दे मी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतले. घाबरलेल्या माणसाच्या लक्षात तीन गोष्टीही राहत नाहीत.

तो आठवडा वाईट गेला. मी तासातासाला एक डोळा झाकून भिंत बघत होते. दाराच्या चौकटीची सावली दिसली तरी छातीत धस्स व्हायचं. रात्री दिवा मालवायची भीती वाटायची, कारण अंधारात वीज जास्त चमकते. बहीण चार रात्री माझ्याकडे राहिली.

१३ ऑक्टोबरला दुसरी तपासणी. मनातून वाटत होतं की ही नुसती औपचारिकता असेल, सुट्टी वाया जाईल. डॉक्टर एका कोपऱ्यापाशी थांबल्या, पुन्हा दाबून पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘इथे आहे.’ वरच्या बाहेरच्या भागात, रक्त होतं त्याच जागी, घोड्याच्या नालेच्या आकाराची लहान फट. आठवड्यापूर्वी ती नव्हती, किंवा रक्ताआड झाकलेली होती. मी फेरतपासणी चुकवली असती तर काय, हा विचार पुढे कित्येक दिवस पाठ सोडत नव्हता. तुम्हाला पुढची तारीख दिली असेल तर ती बरं वाटतंय म्हणून चुकवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

लेसर त्याच संध्याकाळी झाला. लेसर फट बुजवत नाही. तिच्याभोवती बारीक चटक्यांच्या दोन-तीन रांगा देतो, त्यांचे व्रण धरले की पडदा तिथे मागच्या थराला घट्ट चिकटतो आणि पाण्याला वाट उरत नाही. व्रण पक्के व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. बधिर करणारे थेंब, मग डोळ्यावर जाड जेल लावलेलं भिंग, आणि मग हिरव्या प्रकाशाचे झटके. बहुतेक नुसते झगझगीत. पण काही ठिकाणी आत खोल, दातात कळ यावी तशी कळ आली. एकदा मी दचकले तेव्हा डॉक्टर थांबल्या, ‘तुम्ही सांगा, मग सुरू करते’ म्हणाल्या. थांबायला सांगता येतं हे मला आधी माहीत नव्हतं. पंधरा मिनिटांत आटोपलं. त्या डोळ्यानं पाच-सात मिनिटं सगळं जांभळट काळं दिसलं, तेवढा वेळ मी श्वास धरून होते. मग बहिणीचा चेहरा हळूहळू उमटला.

शंभर वर्षांपूर्वी सुटलेल्या पडद्यावर जवळपास इलाजच नव्हता. रोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निश्चल पडून राहायला सांगत. फट बंद केली तर पडदा वाचतो, हे स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात लोकांना पटवून दिलं. मला पंधरा मिनिटं मिळाली ती त्या हट्टामुळे.

दोन आठवडे जड उचलायचं नाही, धावायचं नाही, आदळआपट नाही, असं मला सांगितलं गेलं. वाचायला मनाई नव्हती. २७ ऑक्टोबरला व्रण धरलेले दिसले, २४ नोव्हेंबरला पक्के.

कागदांबद्दल लिहायलाच हवं. तपासणी, लेसर आणि फेरतपासण्या यांची बिलं वेगवेगळी होतात. लेसरच्या बिलात पुढची एखादी तपासणी धरलेली आहे का, हे आधी विचारावं. मी विम्याचा दावा ३० ऑक्टोबरला दाखल केला आणि तो २० नोव्हेंबरला परत आला. कारण सारांशपत्रात ‘उजवा डोळा’ आणि बिलावर ‘ओएस’ होतं. ओएस म्हणजे डावा. उजव्याला ओडी लिहितात. दिवसभर अक्षरं तपासणाऱ्या माझ्याही नजरेतून ते सुटलं, कारण कागद घेतानाच माझी बाहुली मोठी झालेली होती. दुरुस्तीचं पत्र मिळायला दोन फेऱ्या आणि अकरा दिवस लागले. काउंटर सोडण्याआधी प्रत्येक कागदावर नाव, तारीख आणि डोळ्याची बाजू सोबतच्या माणसाला तपासायला सांगा.

यापुढचा भाग कुठल्याच कागदावर लिहिलेला नसतो. पडदा वाचला, डॉक्टरांच्या दृष्टीनं सगळं छान झालं, आणि माझ्या डोळ्यात ते कडं तसंच फिरत होतं. ‘काही नाही, सवय होईल’ हे आता मी सगळ्यांकडून ऐकत होते. काम करताना ओळीच्या मधोमध येऊन ते थांबायचं. देवनागरीत एक टिंब म्हणजे अर्थाचा फरक. ‘वश’ आणि ‘वंश’, ‘मद’ आणि ‘मंद’. मी प्रत्येक अनुस्वारावर संशय घ्यायला लागले. एका पानाला पूर्वी लागायचा त्याच्या दुप्पट वेळ. एका संध्याकाळी पानं बाजूला ठेवून रडले. आंधळं व्हायची भीती वेगळी, आणि ‘यापुढे कधीच स्वच्छ पांढरं पान दिसणार नाही’ हे दुःख वेगळं. या दुसऱ्या गोष्टीला लोक दुःख मानत नाहीत, पण ते असतं.

जे उपयोगी पडलं ते सांगते. पांढऱ्या स्क्रीनचा रंग फिका राखाडी केला, अक्षरं मोठी केली. छापील मजकुरासाठी किंचित पिवळट कागद मागायला लागले. टेबलाचा दिवा समोरून काढून मागे, खांद्याच्या वर नेला. कडं ओळीवर आलं की डोळे दोनदा वर-खाली फिरवायचे. आतला द्रव हलतो आणि ते बाजूला जातं. असं करण्यानं अपाय होत नाही, हे विचारून घेतलं होतं. उन्हात गडद गॉगल: झगझगीत उजेडात बाहुली बारीक होते आणि सावल्या रेखीव होतात, काचेआड बाहुली जरा मोठी राहते आणि त्या पुसट होतात. तासातासाचं भिंत बघणं डॉक्टरांनी बंद करायला लावलं. रोज सकाळी एकदा, एकेक डोळा झाकून, कोऱ्या भिंतीकडे बघायचं: ठिपके कालच्याइतकेच आहेत का, कुठे सावली आहे का. मग दिवसभर नाही. हा नियम पाळायला मला महिना लागला, आणि तो पाळता आला तेव्हा झोप परत आली.

पाचव्या महिन्यात मी ऑपरेशनबद्दल विचारलं. व्हिट्रिअस काढून टाकता येतो, व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. पण पन्नाशीपुढे त्यानंतर मोतीबिंदू लवकर होण्याची मोठी शक्यता, शिवाय पडदा सुटण्याचा आणि क्वचित आत जंतुसंसर्गाचा धोका. सावल्यांमुळे जगणं अडलं असेल तर लोक तो धोका पत्करतात, आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. लेसरनं मोठा ठिपका फोडण्याचाही एक उपाय आहे, तो सगळ्यांना लागू पडत नाही. मी थांबायचं ठरवलं. ठिपके विरघळवणारे थेंब, गोळ्या, डोळ्यांचे व्यायाम यांच्या जाहिराती मला रोज दिसत होत्या. डॉक्टरांना एकेक नाव विचारलं; एकानंही हे जात नाही.

वीज आधी कमी झाली: दोन महिन्यांत रोजची एखाद-दुसरी, चौथ्या महिन्यानंतर फक्त अंधारात झटक्यात मान वळवली तर. कडं सहाव्या-सातव्या महिन्यात पुढे सरकलं असावं, कारण त्याची सावली पसरट आणि फिकी झाली. पडद्यापासून जितकं दूर, तितकी सावली पुसट. दोरा आहे तसाच आहे. पण कधी कधी दुपार होते तरी तो दिसल्याचं आठवत नाही. मेंदूनं त्याला बाजूला ठेवायला शिकून घेतलं, आणि ते माझ्या प्रयत्नानं झालं नाही.

पुढच्या वर्षी ८ डिसेंबरला संध्याकाळी डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकली. दुसऱ्या डोळ्यालाही वर्षा-दोन वर्षांत बऱ्याच जणांना होतं हे मला सांगितलेलं होतं, तरी पोटात खड्डा पडलाच. या वेळी फोनवर तीन वाक्यं बोलले, तासाभरात निघाले, फॉर्म थेंबांच्या आधी वाचला. फट नव्हती, रक्तही नव्हतं. फेरतपासणी सहा आठवड्यांनी.

ती १९ जानेवारीला झाली. कड स्वच्छ. बहिणीनं कागदावर ‘ओएस’ दोनदा वाचून पाहिलं. रात्री बाहुल्या उतरल्यावर राहिलेली पानं घेऊन बसले. चौथ्या पानावर एका शब्दाच्या शिरोरेषेवर नको तिथे टिंब दिसलं. डोळे दोनदा वर-खाली फिरवले. ते जागचं हललं नाही. छापलेलंच होतं, पेन्सिलीनं खोडलं आणि समासात खूण केली.